संपलेल्या पुस्तकांची वही

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. १९५२ नंतर ते पुन्हा तिथे येत होतं, म्हणून भुसावळहून मुद्दाम गेले आणि नऊ पुस्तकं घेऊन आले. जून आला तरी एकही पुरं झालं नव्हतं. लहानपणी दिवाळी अंकाचा दोन दिवसांत फडशा पाडणारी मी, दहाव्या पानावर मोबाईल उचलत होते. मनाला फार लागलं ते.

घरात रोजमेळाची एक कोरी लाल वही होती, ती काढली. आधी ऐसपैस रकाने आखले: सुरू केल्याची तारीख, रोजची पानं, संपल्याची तारीख. तिथेच चुकलं. अर्धवट पुस्तकांच्या तारखा थकबाकीसारख्या अंगावर यायच्या, मग वही उघडायलाच नको वाटायचं. ती पानं फाडली. पुस्तक संपलं तरच वहीत चढणार, एवढंच ठरवलं. तारीख, नाव, लेखक आणि मनात राहिलेली एक गोष्ट. पन्नास पानांत जीव रमला नाही तर पुस्तक खुशाल बाजूला.

मी भुसावळ-जळगाव अप-डाऊन करते. गाडीतला अर्धा तास पुस्तकाला दिला, मोबाईल पर्सच्या तळाशी. पहिला छोटा कथासंग्रह बारा दिवसांत संपला. ती एक ओळ लिहिताना किती बरं वाटलं! पुढे मात्र आकडा वाढावा म्हणून बारकी पुस्तकंच निवडायला लागले. महिन्यात पाच झाली, पण ‘मनात राहिलेलं’ लिहायला काही सुचेना. त्या दिवसापासून अनुक्रमांक घालणं बंद केलं.

सगळ्यात हळू वाचलं ते बहिणाबाईंच्या कवितांचं पुस्तक. त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी जपलेल्या त्या कविता त्यांच्या पश्चात १९५२ साली छापून आल्या. माझ्या सासूबाईही शाळेत गेलेल्या नाहीत. रात्री जेवणं झाली की त्यांना दोन-दोन कविता वाचून दाखवायचे. कितीतरी ओळी त्यांना पाठ; माझा उच्चार चुकला की मध्येच थांबवून नीट म्हणून घ्यायच्या. तीन आठवडे लागले. नोंद करायला बसले तर म्हणाल्या, “माझं बी नाव लिही त्याच्यात.”

त्या ओळीपुढे आम्हा दोघींची नावं आहेत. अमळनेरच्या नऊतली आता दोन उरलीत. त्यातली जाडजूड कादंबरी परवा उघडली. रेल्वेचा पास खूण म्हणून आत ठेवलाय.