सांडव्यातली बाभूळ
आमच्या गावचा तलाव १९७२ च्या दुष्काळी कामांवर उभा राहिला. कालव्याचे पाणी आता निम्म्या वाटेतच जिरते, परंतु खालच्या विहिरी चैत्रापर्यंत तग धरतात त्या याच तलावाच्या पाझरावर. परवा भरावावर गेलो, तेव्हा सांडव्यात, म्हणजे तलावाचे जादा पाणी वाहून जाण्याच्या वाटेत, मनगटाएवढी बाभूळ वाढलेली दिसली आणि भरावाच्या पायथ्याशी ओल होती. झिरपणारे पाणी नितळ असेल तर लक्ष ठेवणे पुरते. ते गढूळ झाले, की आतली माती वाहू लागली असे समजावे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले, त्याआधी गळतीच्या तक्रारी झाल्याच होत्या. नंतर मात्र दोष खेकड्यांच्या माथी मारण्याचाही प्रयत्न झाला. आमचे पाणी तूर्त नितळ आहे. बाभळीचा अर्ज दिला. पोच मिळाली, कुऱ्हाड अजून आलेली नाही.