भज्यांची छत्री

रेडिओवरच्या ३० सेकंदांच्या जाहिरातीत सावकाश बोलायचे ठरवले तर साठ-सत्तर शब्द मावतात. त्यांतले निम्मे दुकानाचे नाव, पत्ता आणि फोन नंबर खाऊन टाकतात आणि उरलेल्या जागेत लोकांना हसवायचे, ही माझी नोकरी. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीच्या मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून जाहिराती सुरू झाल्या, तेव्हापासून या धंद्याची अडचण एकच आहे: ऐकणारा कधीच नुसता ऐकत बसलेला नसतो. तो कणीक मळत असतो किंवा सायनच्या सिग्नलला टॅक्सीत अडकलेला असतो.

मागे एका छत्रीवाल्यासाठी मी चार कोट्या रचून नेल्या होत्या. (कोटी कागदावर शोभते, कानावर पडली की ती उलगडेपर्यंत पुढचे वाक्य निघून जाते.) पाऊस मात्र खराच हवा, म्हणून खिडकीच्या पत्र्यावर पडणारी सर हौसेने ध्वनिमुद्रित केली होती. स्टुडिओत ती ऐकताच शेठ म्हणाले, "भजी कोण तळतंय?"

त्यांचे बरोबर होते. डोळे मिटून ऐका; पत्र्यावरचा पाऊस आणि कढईतले तेल यांची चरचर सारखीच. कोट्या तिथेच फाडल्या आणि नवी जाहिरात लिहिली. बायको फोनवर विचारते, "अहो, भजी तळल्याचा आवाज येतोय. एकटेच खाताय?" मग एक सेकंद नुसती चरचर, आणि नवऱ्याचा पडलेला आवाज: "दादर स्टेशनबाहेर उभा आहे गं. छत्री उघडलीये."

त्या एका सेकंदावरून अर्धा तास वाद झाला. "त्याचेही पैसे मीच भरतोय ना? मग तिथे पत्ता घाला," असे शेठचे म्हणणे, आणि भिजलेला नवरा श्रोत्याला दिसतो तो नेमका त्याच सेकंदात, असे माझे. शेवटी सेकंद राहिला आणि पत्ता एकदाच आला.

पावसाळ्यात शेठचा फोन आला. एक गिऱ्हाईक 'ती भज्यांची छत्री' मागत शेजारच्या दुकानात शिरले होते आणि शेजाऱ्याने हसत हसत आपल्याकडची छत्री त्याच्या हाती दिली होती. पुढच्या वर्षीच्या जाहिरातीत पत्ता तीनदा आहे.