वाळू आणि काजळच्या आहाराची नोंद: सूर्यफूल कमी केल्यानंतर

वाळूचं वजन 84 ग्रॅमवरून 77 वर आलंय. काजळ 66 वर स्थिर आहे, ती पहिल्यापासून तेवढीच. दोघी मंगोलियन जर्बिल (उंदरासारखा छोटा कुरतडणारा प्राणी), सख्ख्या बहिणी, एकाच टाकीत राहतात, एकाच वाटीतलं खातात. तरीही एकीच्या अंगावर चरबी चढत होती आणि दुसरी सडपातळच होती. त्यामुळे खाण्याचं पाकीट बदलण्याआधी कोण काय उचलतंय ते बघत बसायचं ठरवलं.

वाटी भरली की वाळू आधी पोहोचते. पंज्यांनी दाणे बाजूला सारत सूर्यफुलाच्या बिया वेचते, त्या संपल्या की भोपळ्याच्या. धान्य आणि पेलेट (दाबून केलेल्या तयार खाद्याच्या गोळ्या) काजळसाठी उरतात. पाकिटावर मिश्रण कितीही संतुलित लिहिलेलं असो, ते संतुलन सगळं मिश्रण खाल्लं तरच खरं. वेचून खाणाऱ्या प्राण्याच्या पोटात वेगळाच आहार जातो. सोललेल्या सूर्यफुलाच्या बीमध्ये जवळपास निम्मी चरबी असते, कॅल्शियम अगदी थोडं आणि फॉस्फरस त्याच्या आठपट. जर्बिलना तर ही बी इतकी आवडते की मिळेल तेवढी खातात. त्यातून लठ्ठपणा येतो, रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं आणि हाडांना हवं ते मिळत नाही.

आता पाया पेलेटचा ठेवलाय. प्रत्येक गोळी सारखीच असल्यामुळे निवडायला वाव नाही. माझ्याकडच्या पेलेटमध्ये प्रथिनं 15 टक्क्यांच्या आसपास आणि स्निग्धांश 6 टक्के आहे. पूर्ण वाढलेल्या, पिल्लं नसलेल्या जर्बिलला तेवढं पुरतं. गाभण किंवा दूध पाजणारी मादी असेल तर प्रथिनं जास्त लागतात, तिला हे प्रमाण लावू नका. जोडीला ओट्स, गहू, बाजरी, राळा, थोडं जवस असं बारीक बियांचं मिश्रण. बदल एकदम केला नाही. जुन्या खाण्यात नवं थोडं थोडं वाढवत नेलं, कारण अचानक बदल केला तर यांचं पोट बिघडतं, आणि एवढ्याशा जिवाला जुलाब लागले तर हातात फार वेळ नसतो.

दोघींना मिळून रोज साधारण 12 ग्रॅम कोरडं खाणं देते. त्यातले पेलेट वाटीत, आणि बियांचं मिश्रण बेडिंगवर, म्हणजे टाकीत तळाशी पसरलेल्या भुसभुशीत थरावर, विखरून. विखरून देण्याचा फायदा मला वाटला होता त्याहून कितीतरी मोठा निघाला. मंगोलियाच्या गवताळ, अर्धवाळवंटी माळावर हा प्राणी दिवसभर बिया शोधत फिरतो. वाटी भरून पुढ्यात ठेवली की ते कामच संपतं. आता वाळू बेडिंग उकरते, हुंगते, अर्धं बीळ खणून एक दाणा काढते, आणि तोवर काजळलाही तिचा वाटा मिळतो. जोडी किंवा गट पाळणाऱ्या सगळ्यांनी हे करून बघावं असं मनापासून वाटतं. एकाच वाटीवर दांडगी जर्बिल ताबा मिळवते, पण अख्ख्या टाकीवर तिला तो मिळवता येत नाही.

वाटी रिकामी दिसली म्हणून लगेच भरायची नाही, हे मात्र पक्कं. जर्बिल साठा करतात. रिकाम्या वाटीचा अर्थ बहुतेक वेळा खाणं बिळात गेलं एवढाच असतो. साफसफाई करताना मी साठा उघडून बघते: पेलेट पडून असतील तर बियांचं प्रमाण कमी करायचं. कोरडा साठा जागच्या जागी परत ठेवते, सगळा काढून टाकला तर दोघी अस्वस्थ होतात. ओलसर किंवा बुरशी धरलेलं मात्र काहीही ठेवत नाही.

ओल्या खाण्यात हात आखडता. एक दिवसाआड नखाएवढा गाजराचा, ब्रोकोलीचा किंवा काकडीचा तुकडा, आणि न खाल्लेला काही तासांनी उचलायचा. फळं गोड, म्हणून क्वचित. कांदा, लसूण, कच्चा बटाटा, अॅव्होकॅडो, चॉकलेट कधीच नाही. लिंबूवर्गीय फळंही मी टाळते. हे प्राणी पाणी कमी पितात, त्यांची मूत्रपिंडं पाणी राखून ठेवण्यात तरबेज असतात. तरी बाटली कायम भरलेली हवी, आणि नळीतून थेंब येतोय का हे रोज बोटाने तपासायला हवं.

आठवड्यातून एक-दोनदा वाळवलेली अळी हातावर देते. प्रथिनांची भर पडते आणि काजळ, जी हाताला बिचकायची, ती आता तळहातावर बसून खाते. सूर्यफुलाची बीसुद्धा आता फक्त हातावरच, एकेकीला एक. दातांसाठी पुठ्ठा आणि फवारणी न केलेल्या सफरचंदाच्या फांद्या कायम टाकीत असतात, पुढचे दात जन्मभर वाढत राहतात म्हणून.

वजन दर आठवड्याला, एका ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर, खोलगट मगमध्ये बसवून. वाळू 75 च्या आसपास थांबेल असा अंदाज आहे. त्याच्या खाली घसरत राहिली किंवा एखाद्या आठवड्यात एकदम उतरली, तर ते आहाराचं यश धरणार नाही. लहान प्राण्यात असं वजन उतरणं दातांच्या त्रासाचं किंवा आजाराचं लक्षण असू शकतं, त्यामुळे थेट पशुवैद्याकडे नेऊन आधी दात बघून घेणार.