हजेरीत आधी मुलगे, मग मुली

आपल्या शाळेतली हजेरी ज्यांना आठवते त्यांना हे लगेच कळेल. आधी सगळे मुलगे आडनावाप्रमाणे, ते संपले की मग मुली. दादा आणि मी एकाच वर्गात होतो, तो माझ्यापेक्षा वर्षानं मोठा पण लहानपणी आजारपणात त्याचं एक वर्ष गेलं म्हणून आम्ही बरोबर आलो. आडनाव एक, घर एक, दोघांच्या डब्यातली भाकरी एकाच तव्यावरची, पण हजेरीत त्याचा नंबर अगदी वरती आणि माझा पार खाली, मधे सगळे मुलगे. तेव्हा त्याचं कुणालाच काही वाटायचं नाही, मलाही नाही. आता मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि रोज सकाळी हजेरी घेते, त्यामुळं हे सारखं आठवतं. दोन पोरं एका घरात, एका वर्गात वाढली तरी त्यातला एक मुलगा कसा झाला आणि दुसरी मुलगी कशी झाली हे मी फार जवळनं बघितलंय, म्हणून शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत त्यावरच लिहायचं ठरवलं.

आपला सांगली जिल्ह्यातला खानापूर तालुका म्हणजे कायमचा दुष्काळी पट्टा. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी यायला तेव्हा अजून खूप वर्षं होती. आमच्या वस्तीपासनं विहीर लांब, आणि उन्हाळ्यात तिचाही तळ दिसायचा, मग टँकर. पाणी हे काम बायकांचं आणि पोरींचं, हे कुणी कधी सांगितलं नव्हतं, ते तसंच होतं. मी शाळेत यायच्या आधी दोन-तीन खेपा करायचे, डोक्यावर घागर आणि कमरेवर कळशी, आणि दादा तेवढ्या वेळात ओट्यावर बसून गणितं सोडवायचा. तो आळशी अजिबात नव्हता हो, वैरण आणायचा, म्हशी सोडायचा, बैलांचं सगळं तोच बघायचा. पण त्याची कामं घराबाहेरची आणि कधीतरी संपणारी, माझी घरातली आणि न संपणारी. एकदा मला ताप होता म्हणून त्यानं कळशी उचलली तर चुलत्यानं रस्त्यातच हटकलं, "काय रं, बाईमाणूस झालास काय?" तो तशीच भरलेली कळशी खाली ठेवून घरी आला आणि मग आई गेली पाण्याला. त्याचा चेहरा मला अजून आठवतो, कारण त्याला खरंच मदत करायची होती.

शाळेत पण तेच चालू राहायचं, फक्त जरा शिस्तीत. शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी वर्ग झाडायचे ते मुलींनी, बाकं उचलून बाजूला करायची ती मुलग्यांनी. घंटा मुलगा देणार, फळा मुलगी पुसणार. पंधरा ऑगस्टला झेंड्याचा खांब पोरं उभा करणार आणि खाली रांगोळी आम्ही काढणार. कार्यानुभवाच्या तासाला आम्हाला रुमालावर साखळी टाका आणि त्यांना बागेत आळी करायला. मला शिवणकाम आवडायचं, अजून आवडतं, पण आमच्या वर्गातला एक जण होता ज्याच्या घरी शिलाई मशीन होतं आणि तो आमच्यापेक्षा शंभरपट चांगला टाका घालायचा, त्याला कधी सुई हातात घेऊ दिली नाही आणि त्याची सगळ्यांनी एवढी चेष्टा केली की त्यानं घरचं मशीन पण सोडलं. ही चेष्टा आम्ही मुली पण करायचो. मुलीला आखून दिलेली रेघ सगळ्यांना दिसते, मुलग्याला पण तशीच रेघ असते आणि तो तिच्या पलीकडं गेला की त्याला हसून परत आत ढकलतात, हे मला फार उशिरा कळलं.

आठवीत अंगं बदलली. दादाची खाकी हाफ पँट जाऊन फुल पँट आली, आवाज फुटला, मिसरूड आलं आणि त्या वर्षापासनं तो यात्रेला एकटा जायला लागला, रात्री तमाशा बघून पहाटे आला तरी कुणी बोलायचं नाही. त्याच वर्षी मला न्हाण आलं. गल्लीतल्या बायका जमल्या, ओटी भरली, नवा ड्रेस मिळाला आणि दुसऱ्या दिवसापासनं सगळंच आवळलं गेलं. स्कर्ट बंद, ओढणी सुरू. मोठ्यानं हसायचं नाही. संध्याकाळी दिवे लागायच्या आत घरात. आणि दर महिन्याला चार दिवस बाजूला, त्या दिवसांत शाळा पण नाही, कारण शाळेत मुलींना वेगळी मुतारी नव्हती आणि जुन्या साडीचं कापड बदलायला जागा तर कुठंच नव्हती. हेडसर दर महिन्याला विचारायचे, गैरहजर का, आणि मी म्हणायचे पोटात दुखत होतं. वर्गातल्या बऱ्याच मुलींच्या पोटात दर महिन्याला दुखायचं. तो प्रश्न विचारायला कुणी बाई असत्या तर किती सोपं झालं असतं, पण तेव्हा हायस्कूलला सगळे सरच होते.

खो-खो मात्र आम्हाला मिळाला, आणि त्याबद्दल आमच्या क्रीडाशिक्षकांची मी जन्मभर ऋणी आहे. ते घरोघरी जाऊन वडिलांशी बोलले, मुली माझ्या जबाबदारीवर आहेत म्हणाले आणि तालुक्याच्या सामन्यांना आम्हाला विट्याला घेऊन गेले. मैदानावर मुरूम, त्यावर सूर मारायचा, खांबाला वळसा घालताना हात सोलायचा. माझ्या डाव्या गुडघ्याला मोठी खपली धरली होती, आई तिला रोज हळद लावायची आणि रोज म्हणायची, "पोरीच्या अंगाला डाग राहिला तर पुढं कसं व्हायचं." त्याच आठवड्यात दादाचं कबड्डीत ढोपर फुटलेलं, त्याला पण तीच हळद, पण त्याला आई म्हणाली, "लागू दे, पोरगं घट्ट होतंय." दोन्ही वाक्यं एकाच चुलीपुढं, एकाच तोंडातनं. आईला दोष देत नाही, तिला पण हेच शिकवलं होतं. पण शाळेनं मला तो मुरूम दिला म्हणून मी पुढं कितीतरी ठिकाणी न घाबरता पळू शकले.

आता फीचं सांगते, कारण आमच्या दोघांचं आयुष्य तिथंच वेगळं झालं. १९८५-८६ पासून महाराष्ट्र सरकारनं मुलींना बारावीपर्यंतचं शिक्षण मोफत केलं होतं. दादाच्या फीसाठी ई.बी.सी.चा, म्हणजे गरीब घरातल्या पोरांच्या फीसवलतीचा फॉर्म, तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, हेलपाटे. वडील म्हणायचे पोरीचं फुकट आहे तर शिकू दे लग्न होईपर्यंत. आणि दादा नववी पास झाला तसं ठरलं की आता त्यानं दुकानावर जायचं. दुकान म्हणजे काय हे आपल्या खानापूर-आटपाडीत कुणाला सांगायला नको, गलाई. सोन्या-चांदीची आटणी करणारी आपली माणसं, काश्मीरपासनं कन्याकुमारीपर्यंत कुठल्याही सराफ बाजारात एक तरी आपल्याकडचा गलाईवाला सापडतोच. गावात बंगले त्याच पैशावर झाले आणि आपल्या शाळेच्या बांधकामाला पण त्यांनीच सढळ हातानं दिलं, हा अभिमान मलाही आहे. पण आमच्या वेळी त्या पैशाची सुरुवात चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांपासनं व्हायची. दादा अभ्यासात माझ्याइतकाच होता, भूमितीत तर पुढं. त्याला कुणी विचारलं नाही की तुला जायचंय का. मुलगी असती तर निदान आई गळ्यात पडून रडली असती, मुलगा म्हणून सगळे म्हणाले शाब्बास, कमावता झाला. गाडीत बसताना तो रडायला लागला तर वडील म्हणाले पोरीसारखं काय रडतोस, आणि तो गप्प झाला.

कोईमतूरच्या दुकानात त्याला पहिल्या वर्षी भट्टीजवळ पण बसू दिलं नाही. नव्या पोराचं काम काय, तर पहाटे उठून पाणी भरायचं, झाडलोट करायची, भांडी घासायची, शेठ आणि इतर कामगारांचे कपडे धुवायचे आणि दोन्ही वेळचा स्वयंपाक. घरी असताना ज्या पोरानं ताट सुद्धा कधी उचललं नाही त्यानं तिथं कणिक मळली, भात रांधला, मिरची वाटली. आणि कुणी म्हटलं नाही की बाईमाणूस झालास. तिथं बाईमाणूस नव्हतंच, म्हणून ती कामं फक्त कामं होती. मग पुढं तेजाब म्हणजे ॲसिड, धातू वितळवायची मूस, भट्टी, सगळं शिकला, नायट्रिकच्या तपकिरी धुरात बसून खोकला घेतला, बोटांची कातडी पिवळी पडली.

दोन वर्षांनी तो यात्रेला आला तेव्हा मी अकरावीला होते. आई शेतात गेलेली, वडील पारावर. मी पाणी आणून धापा टाकत आले तर हा चुलीपुढं बसलेला, परातीत पीठ घेऊन. म्हणाला, "तू अभ्यास कर, मी करतो." मी दार पुढं ओढून घेतलं, कुणी बघू नये म्हणून. त्यानं चपात्या लाटल्या, एकदम गोल, माझ्यापेक्षा पातळ, आणि चिंच घालून तिकडल्या पद्धतीची आमटी केली. लाटता लाटता मला विचारत होता, अकरावीला काय काय असतं, सायन्स घेतलंस का, कॉलेजात प्रयोगशाळा कशी असते. ॲसिडबद्दल त्याला माझ्यापेक्षा जास्त माहिती होती पण त्याचं सूत्र कसं लिहायचं ते त्यानं माझ्याकडनं वहीत लिहून घेतलं. तेवढ्यात वडिलांची चाहूल लागली आणि तो झटकन उठला, हात धुतले आणि बाहेर जाऊन कॉटवर बसला. जेवताना वडील म्हणाले, आज चपात्या चांगल्या झाल्यात. दादा खाली मान घालून जेवत होता आणि मी त्याला वाढत होते.

त्या दिवशी माझं सगळं पक्कं झालं. लोक म्हणतात बायकांच्या हाताला चव असते, बाप्यांना ती कामं जमत नाहीत, निसर्गानंच वेगळं केलंय. शरीर वेगळं आहे, ते कोण नाही म्हणतंय. पण घागर, झाडू, लाटणं, रडू आणि पळणं यांची वाटणी निसर्गानं केलेली नाही, ती आपण केलीये. आणि त्या वाटणीत माझं जास्त गेलं असलं तरी त्याचं काही गेलं नाही असं मी कधीही म्हणणार नाही.

माझ्या वर्गमैत्रिणींचं सांगायचं तर दहावीचा निकाल जूनमध्ये, त्याच्या आधीच मे महिन्यात कितीतरी जणींची लग्नं लागली. कायद्यानं अठरा, पण वय कोण विचारतंय. खो-खोच्या आमच्या टीममधली सगळ्यात चपळ मुलगी त्यातच गेली. मी डी.एड. केलं, १९९४ च्या महिला धोरणानंतर सरकारी नोकरीत बायकांना ३० टक्के जागा राखीव झाल्या त्याचा फायदा माझ्यासारख्या खूप जणींना झाला. आणि ज्या काळात आम्ही म्हणत होतो की मुली पुढं चालल्यात त्याच काळात आपल्या जिल्ह्यात त्या जन्मालाच येईनात. २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं मुली फक्त ८५१, राज्यात ९१३. हे कुठल्या गरीब अडाणी भागात नाही तर ऊस आणि द्राक्षांच्या पैसेवाल्या जिल्ह्यात. माझ्या पहिलीच्या वर्गात तेव्हा मुलींची रांग किती आखूड होती ते मी डोळ्यानं बघितलंय, आकडा नंतर पेपरात वाचला.

सगळं तसंच राहिलंय असं नाही. २०१९ ला बालभारतीचं दुसरीचं नवीन पुस्तक आलं, त्यात चित्रात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवलेत. मी ते पान वर्गात उघडलं तर एक पोरगं म्हणालं, बाई, माझे पप्पा असं करत नाहीत, आणि शेजारची म्हणाली माझे करतात, आणि मग अर्धा तास वर्गात जो वाद रंगला तो मी थांबवलाच नाही. मी हजेरी आता सरळ बाराखडीप्रमाणं घेते, पोरं-पोरी मिसळून. झाडायची पाळी पण नंबरानं लागते. सुरुवातीला एक-दोन आया येऊन म्हणाल्या आमच्या पोराला झाडू देऊ नका, त्यांना मी बसवून चहा दिला आणि दादाची गोष्ट सांगितली. आपल्या भागात प्रत्येक घरात एक तरी गलाईवाला असल्यामुळं ती गोष्ट पटकन पटते.

आता एक विनंती, आणि ही मी अगदी मनापासून करतेय. सुवर्णमहोत्सवासाठी आमच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप केला तेव्हा मुलगे आठवड्याभरात सापडले, सेलम, कोचीन, कोलकाता, कुठं कुठं असलेले. मुली मात्र अर्ध्या पण सापडल्या नाहीत. आडनाव बदललं, कुणाचं लग्नात पहिलं नाव पण बदललं, गाव बदललं, माहेरी आता भावजया, त्यांना नंबर माहीत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये त्यांची नावं आहेत पण त्या नावाची बाई आज कुठंच नाही. तेव्हा ही स्मरणिका ज्या घरात जाईल तिथल्या सुना, आज्या, काकू यांना एकदा विचारा, की तुम्ही लग्नाआधी या शाळेत होता का. असाल तर शाळेच्या ऑफिसात माहेरचं नाव आणि दहावीचं वर्ष कळवा, दहावी झाली नसेल तर जी इयत्ता झाली ती कळवा, त्या पण माजी विद्यार्थिनीच आहेत. आणि ८९ च्या खो-खो टीममधल्या कुणी असतील तर मला थेट निरोप द्या, डिसेंबरच्या मेळाव्यात आजी विद्यार्थिनींबरोबर एक सामना ठरलाय आणि आपल्या बाजूला अजून चार जणी कमी आहेत.