वल्हांडण तुमचा की ज्यूंचा?

"काकू, वल्हांडण हा तुमचा सण की ज्यूंचा? तुमचा असेल तर तुमच्यात कुणी पाळताना दिसत नाही की!" ईस्टरच्या आधीचा, येशूच्या दुःखसहनाचा आठवडा जवळ आला की बेळगावात हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो. शेजारपाजारचे विचारतात, कारण उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, चर्चमध्ये आमच्या शेजारी बसून त्यांनी हा शब्द ऐकलेला असतो. आमच्याच मंडळीतली तरुण पोरं विचारतात, कारण त्यांनी मोबाईलवर कुठल्यातरी परदेशी चर्चमधलं वल्हांडणाचं जेवण पाहिलेलं असतं आणि तसं इथेही घालायचं त्यांच्या मनात असतं.

तुम्ही विचारलंत म्हणून सरळच सांगते. सण ज्यूंचा. आमचं मूळ त्यातच आहे, पण ते ताट आम्ही मांडत नाही, आणि मांडूही नये असं माझं मत आहे.

गोष्ट बायबलातल्या निर्गम ह्या पुस्तकाच्या 12व्या अध्यायात आहे. मिसर म्हणजे इजिप्त देशात इस्राएल लोक, ज्यूंचे पूर्वज, गुलाम; तिथला राजा फारो त्यांना सोडायला तयार नाही. देवाने आणलेल्या नऊ पीडा झाल्या तरी नाही. दहावी पीडा म्हणजे प्रत्येक घरच्या थोरल्या मुलाचा मृत्यू. ज्या घराच्या चौकटीला कोकराचं रक्त लावलेलं असेल, ते घर तेवढं ओलांडून मरण पुढे जाणार होतं, म्हणून सणाचं नाव वल्हांडण. मला त्यातल्या बारीकसारीक सूचना जास्त आवडतात. कोकरू महिन्याच्या दहाव्या दिवशी निवडायचं आणि चौदाव्यापर्यंत सांभाळायचं. घरात माणसं कमी असतील तर शेजाऱ्याबरोबर मिळून एकच घ्यायचं. मांस विस्तवावर भाजायचं, पाण्यात शिजवायचं नाही, हाड मोडायचं नाही. कंबर कसून, पायात जोडे घालून, हातात काठी धरून घाईघाईने खायचं. सोबत कडू भाजी आणि बेखमीर, म्हणजे न आंबवलेली, भाकरी, कारण कणीक फुगेपर्यंत थांबायला वेळ कुठला?

"मग आमची जोंधळ्याची भाकरी रोजचीच बेखमीर की!" शेजारच्या अक्का म्हणाल्या. पण ज्यूंचा नियम कडक आहे. गहू, जव अशा ठरलेल्या पाच धान्यांचंच पीठ हवं, आणि पिठात पाणी पडल्यापासून 18 मिनिटांच्या आत भाजायला लागलं पाहिजे. जोंधळा त्यात बसत नाही.

तिथी मात्र आपल्याकडच्या माणसाला चटकन कळते. ज्यूंचे महिने चंद्रावर चालतात आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून तेही अधिक महिना धरतात, 19 वर्षांत सात वेळा. वल्हांडण येतो निसान महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे बहुतेक वर्षी हनुमान जयंतीच्या आसपास. 325 साली निकिया इथे धर्मसभा भरली तेव्हा ईस्टरसाठी, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणासाठी, ज्यूंच्या पंचांगाकडे बघायचं नाही असं ठरलं, आणि चर्चचा हिशेब वेगळा झाला. म्हणून 2024 मध्ये ईस्टर 31 मार्चला होऊन गेला आणि वल्हांडण लागला 22 एप्रिलच्या संध्याकाळी. पुनरुत्थान आधी आणि वल्हांडण तीन आठवड्यांनी!

आता आमचा संबंध. येशूची हकिकत सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत. त्यातले मत्तय, मार्क, लूक सांगतात की येशूचं शिष्यांबरोबरचं शेवटचं जेवण वल्हांडणाचंच होतं. योहान वेगळं सांगतो. त्याच्या शुभवर्तमानात येशूचा मृत्यू होतो तो वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशी, म्हणजे मंदिरात कोकरं कापायच्या दिवशी. सैनिकांनी त्याचे पाय मोडले नाहीत हेही तो मुद्दाम नोंदवतो, कारण त्याच्या डोळ्यांपुढे ती हाड न मोडण्याची सूचना आहे. ह्या दोन हकिकतींचा मेळ घालण्यात पंडितांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. प्रेषित पौल त्या भानगडीत पडला नाही. करिंथच्या मंडळीला लिहिताना त्याने ख्रिस्तालाच आपला वल्हांडणाचा यज्ञपशू म्हटलं आणि द्वेषाचं, दुष्टपणाचं जुनं खमीर काढून टाकून सण पाळा, असं बजावलं.

तेव्हा आमचं पाळणं म्हणजे उत्तम शुक्रवारच्या आदल्या, पवित्र गुरुवारच्या संध्याकाळचं प्रभुभोजन: येशूच्या त्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत भाकर आणि पेला वाटून घेणं. कॅथलिकांकडे त्या दिवशी पाय धुण्याचाही विधी असतो. आम्ही मेथडिस्ट, आमच्या पेल्यात दारू चालत नाही. थॉमस वेल्च नावाच्या अमेरिकेतल्या मेथडिस्ट दंतवैद्याने 1869 मध्ये द्राक्षांचा रस तापवून न आंबता टिकवण्याची युक्ती काढली, ती प्रभुभोजनासाठीच. आम्ही बायका अजून घरीच करतो. अथणीकडची काळी द्राक्षं आदल्या दिवशी धुवायची, अगदी थोड्या पाण्यात सालं सुटेपर्यंत शिजवायची, फडक्यात घालून टांगून ठेवायची. घाई झाली तरी फडकं पिळायचं नाही, रस गढूळ होतो. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या वाट्याला घोटभरच येतो, आणि "माझ्या स्मरणार्थ हे करा" हे शब्द आधी मराठीत, मग कन्नडमध्ये ऐकू येतात.

पोरांना हवं आहे ते वेगळंच. चर्चच्या हॉलमध्ये ताटं मांडायची, "येशू अस्साच जेवला" असं सांगायचं. हे खरं नाही. आज ज्यू घरांत वल्हांडणाच्या रात्री जो सेदेर, म्हणजे विधीचं जेवण, होतो, त्याची घडण बरीचशी इ.स. 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर उद्ध्वस्त केल्यानंतरची. मंदिर गेलं, त्याबरोबर कोकराचा बळीही गेला, आणि ताटात आठवणीपुरतं एक भाजलेलं हाड राहिलं. दुसऱ्याच्या दुःखातून उभं राहिलेलं ताट आपण हौसेपोटी का मांडायचं? शिवाय युरोपात ज्यूंवर ख्रिस्ती मुलांना मारल्याचा खोटा आळ घेतला गेला. 1144 मध्ये इंग्लंडात नॉरिचला मेलेल्या एका पोरावरून तो सुरू झाला आणि पुढे शेकडो वर्षं ह्याच सणाच्या दिवसांत उफाळून येत राहिला. आळ घेणारे आपलेच, गळ्यात क्रूस घालणारे. एखाद्या ज्यू कुटुंबाने बोलावलं तर जरूर जावं, पाहुणा म्हणून बसावं. यजमान होऊ नये.

तरी पोरांची भूक खोटी नाही. त्याच 12व्या अध्यायात लिहिलं आहे की पुढे तुमची मुलं विचारतील, ह्या विधीचा अर्थ काय, तेव्हा त्यांना सांगा. ज्यू घरात अजूनही सर्वांत धाकटं पोर त्या रात्री प्रश्न विचारतं. आम्ही ते जेवण घरातून उचलून वेदीपाशी नेलं आणि मुलांना संडेस्कूलला धाडलं.

केरळच्या जुन्या ख्रिस्ती घरांनी तसं केलं नाही. आमच्या गल्लीत तिकडची एक नर्स राहते. गुरुवारी रात्री तिच्या घरी तांदूळ-उडदाच्या पिठाचं, न आंबवलेलं पेसहा अप्पम, म्हणजे वल्हांडणाची भाकरी, होतं. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या पातीचा क्रूस करून वर ठेवतात. सोबत नारळाचं दूध आणि गूळ. घरातला मोठा माणूस प्रार्थना करून तुकडे करतो आणि थोरांपासून पोरांपर्यंत वाटतो. ज्या घरी मयत झालेली असते तिथे अप्पम करत नाहीत, शेजारचे आणून देतात. हे ऐकल्यावर अक्का लगेच म्हणाल्या, "म्हणजे सुतकच की!"

आम्ही अप्पम करत नाही. गुरुवारी उपासनेहून आलो की जेवणाआधी तो अध्याय घरी मोठ्याने वाचतो, एवढंच. नातू मध्येच थांबवतो. गेल्या वेळी त्याला हवं होतं कोकराचं नाव. चार दिवस घरात होतं म्हणजे काहीतरी नाव ठेवलंच असणार, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, नसेल ठेवलं. त्यांच्या आईने ठेवू दिलं नसेल.