व्हिडिओचे तुकडे केले की आवाज मागे का पडतो
आमच्या ढोल पथकाचा नदीपात्रातला सराव मोबाईलवर शूट केला होता, सलग 50 मिनिटं, आणि ग्रुपवर टाकायला त्याचे तुकडे केले तर पहिला तुकडा एकदम ओके पण शेवटच्यात टिपरू ढोलावर आधी पडतंय आणि ठोका नंतर ऐकू येतोय!! नुसतं बोलणं असतं तर एकवेळ चाललं असतं, पण ढोलाला हे फार खुपतं.

दोन रात्री घालवल्यावर कळलं. बरेच मोबाईल फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं म्हणजे फ्रेम) बदलता ठेवतात, म्हणजे 30 म्हणायचं पण उजेड कमी झाला की फ्रेम कमी करायच्या, आणि एडिटिंग सॉफ्टवेअर कधीकधी सगळीकडे 30च धरून चालतं, मग फरक साठत जातो. म्हणून आधी हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्ट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट फ्रेमरेट (न बदलणारा) निवडून नवीन फाइल करायची आणि मगच कापायचं.

अजून एक, एफएफएमपेग नावाच्या व्हिडिओ टूलने कॉपी मोडमध्ये (व्हिडिओ नव्याने न बनवता, आहे तसाच) कापलं तर झटपट होतं खरं पण चित्र कीफ्रेमशिवाय (मधूनमधून येणारी, पूर्ण चित्र साठवलेली फ्रेम) नीट सुरू होत नाही, त्यामुळे तुकड्याच्या सुरुवातीलाच गडबड. तिथे सरळ रीएन्कोड करा, म्हणजे व्हिडिओ नव्याने बनवून घ्या, वेळ लागू दे.

मी आता प्रत्येक तुकड्याचा शेवटचा ठोका फ्रेम फ्रेम सरकवून बघतो, टिपरू टेकलं की तिथेच वेव्हफॉर्मचा (आवाजाच्या आलेखाचा) सुळका दिसायला हवा.