न तुटणारी प्लेट

दगड जबड्यात दाबून खडी करणाऱ्या जॉ क्रशरच्या पाठीमागे, अगदी खाली, एक बिडाची प्लेट बसवलेली असते. तिला टॉगल प्लेट म्हणतात. तिचं एक काम हलत्या जबड्याला मागून आधार द्यायचं, आणि दुसरं, वेळ आली की मोडायचं. जबड्यात दगडाऐवजी लोखंड आलं आणि मशीनवर भलताच ताण पडला की आधी ती मोडते. जबडा सैल पडतो, फ्लायव्हील नुसतं गरगरत राहतं आणि बाकी सगळं वाचतं. प्लेटची किंमत हजारांत. ती ज्यांना वाचवते त्या पिटमन (हलता जबडा ज्यावर बसतो ते जड ओतकाम), शाफ्ट, बेअरिंगची लाखांत. हिशेब सोपा आहे. पण प्लेट मोडली की चार-पाच तास प्लांट बंद, वजनकाट्यापाशी हायवा डंपरांची रांग आणि साइटवरून फोनवर फोन. त्या चार-पाच तासांत हा हिशेब कोणाच्याही गळी उतरत नाही.

मी क्रशर बनवणाऱ्या एका कंपनीत सर्व्हिसला आहे. लोणंद-फलटणच्या बाजूला पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाचं काम जोरात होतं, तेव्हाची ही गोष्ट. रस्त्याला खडी लागते म्हणजे किती लागते, हे प्लांटवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. खालच्या थरापासून वरच्या डांबरापर्यंत सगळा दगडच. त्यामुळे त्या भागातले क्रशर पावसाळ्यातही उघडीप मिळेल तसे चालू होते.

सकाळीच सुपरवायझरचा फोन आला. “साहेब, जॉ जाम झालाय. पण प्लेट काय तुटली न्हाय बघा.”

दुसरं वाक्य त्याने कौतुकाने सांगितलं होतं. मला धास्ती त्याचीच वाटली.

पोचलो तर हॉपर शिगोशीग भरलेला, व्ही-बेल्ट जळाल्याचा वास अजून हवेत, आणि दोन पोरं जबड्याच्या तोंडात उतरून पहार आणि घण घेऊन दगड सोडवतायत. मी आधी त्यांना वर घेतलं. सुपरवायझर म्हणाला, “मेन बंद हाय की साहेब.” मेन बंद म्हणजे वीज बंद. जबड्यात दाबून बसलेला ताण काही स्विचने बंद होत नाही. अडकलेलं लोखंड घणाच्या एका घावाने सुटलं तर ते वरच्या बाजूला उडतं, आणि वर नेमकं माणसाचं तोंड असतं. या धंद्यात माणसं अशीच गेली आहेत. वीस-बावीस वर्षांच्या पोरांना हे सांगावं लागतं, कारण आधी कोणी सांगितलेलं नसतं. त्यांना पहार दिलेली असते, एवढंच.

पॅनेलला माझं कुलूप लावून किल्ली खिशात टाकली आणि कामाला लागलो. वरचे डबर साखळीने बांधून पोकलेनने एकेक करून काढले. कमरेइतकं रिकामं झाल्यावर बॅटरीच्या उजेडात खाली काहीतरी चमकलं. पोकलेनच्या बकेटचा दात. खाणीत पिन सैल होऊन गळालेला, डबराबरोबर हायवात भरला गेलेला आणि तिथून सरळ आमच्या जबड्यात. मेटल डिटेक्टर होता की. पण तो असतो जॉच्या पुढच्या, माल वाहणाऱ्या पट्ट्यावर, खडी आणखी बारीक करणारा कोन क्रशर वाचवायला. जॉच्या आधी पहारा फक्त माणसाच्या डोळ्यांचा.

वेल्डर गॅस कटर घेऊन तयारच होता. म्हटलं, लांब ठेव तो. जॉ प्लेटा, म्हणजे जबड्याला आतून लावलेल्या दातेरी प्लेटा, मँगनीज स्टीलच्या असतात. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड यांनी 1882 मध्ये शोधलेलं हे पोलाद मोठं विचित्र आहे: जितका मार खाईल तितका त्याचा पृष्ठभाग कडक होत जातो, म्हणून तर दगड फोडायला ते वापरतात. पण तापवलं की ठिसूळ होतं. कटरची ज्योत प्लेटला लागली तर आज दात निघेल आणि पुढच्या आठवड्यात प्लेटचा टवका उडेल. शिवाय तो टवका लोहचुंबकाला चिकटतही नाही, पट्ट्यावरून खुशाल पुढे कोनमध्ये जातो.

टॉगलमागचे शिम, म्हणजे फट भरायला घातलेल्या पट्ट्या, काढून जबडा मोकळा करायचा प्रयत्न केला. ते इतके आवळले होते की जॅक लावूनही हलेनात. मग बेल्ट उतरवले, फ्लायव्हीलला चेनपुली अडकवली, खालच्या पट्ट्यावर जुना पत्रा टाकला आणि सगळ्यांना लांब उभं करून फ्लायव्हील उलटं ओढायला घेतलं. बोट बोट करत ते सरकलं आणि एकदम धाडकन जबडा मागे आला. दात पत्र्यावर आदळला तो आवाज ऑफिसात बसलेल्या मालकांपर्यंत गेला. ते धावत बाहेर आले. “झालं ना? करा चालू!”

चालू करण्याआधी मी मागे जाऊन टॉगल प्लेट पाहिली. ती बिडाची नव्हतीच. जाड एमएसच्या (साध्या पोलादाच्या) दोन पट्ट्या एकावर एक ठेवून कडेने वेल्ड मारलेला, वर आणखी दोन रिबा. काम सुरेख होतं. वेल्ड एका ओळीत, कुठे फोड नाही. वेल्डरमामा शेजारीच उभे होते. “मी केलीया साहेब. तुमच्या कंपनीच्या तीन मोडल्या. ही काय मोडत न्हाय.” साठीला आलेला हातचा पक्का माणूस. त्यांना मालकांनी सांगितलं होतं की न मोडणारी प्लेट करा, त्यांनी केली. घरात सारखा फ्यूज उडतो म्हणून तिथे खिळा अडकवण्यातला हा प्रकार. पण खिळा अडकवणाऱ्या वायरमनला दोष देऊन काय उपयोग?

इलाय व्हिटनी ब्लेक या अमेरिकन माणसाने 1858 साली या जबड्याचं पेटंट घेतलं, तेही रस्त्यासाठी खडी करता करता वैतागून. आज मोटर आली, बेअरिंग सुधारली. पण एक जबडा स्थिर, दुसरा मागेपुढे आणि त्यामागे टॉगल, ही मांडणी तीच आहे. इतकी वर्षं टिकलेल्या मशीनमधला एखादा भाग कमजोर दिसला तर तो चुकून तसा राहिला असेल, असं मला तरी वाटत नाही.

खरा प्रश्न वेगळाच होता. तीन प्लेटा का मोडल्या? लोखंड काही तीनदा आलं नव्हतं. भंगारात जुन्या प्लेटा सापडल्या. तिन्ही डाव्या टोकाकडून फाटत गेलेल्या. मोडलेल्या तोंडाचा डावीकडचा भाग गंजून तांबूस, म्हणजे तडा जुना. पुढचा भाग करडा, दाणेदार, म्हणजे एका झटक्यात गेलेला. मग जॉ प्लेटांवरून हात फिरवला. उजवीकडे दाते शाबूत, डावीकडे घासून सपाट. फीडरकडे पाहिलं आणि उलगडा झाला. माल जबड्यात सोडणाऱ्या च्यूटची एक बाजू वाकली होती आणि सगळा माल डाव्या अंगालाच पडत होता. काळा बसाल्ट, त्यात पावसाची ओली माती. डावीकडे तो खाली ठासून बसायचा आणि प्लेटवर तिरका ताण यायचा. प्लेट मोडून मोडून हेच सांगत होती. तिचं तोंड बंद केलं.

मालकांना अजून वाटत होतं, दात निघाला, विषय संपला. मी पिटमनचा खालचा भाग, टॉगलची सीट बसते तिथला, वायरब्रशने घासून घेतला. तड्यात मुरणारा लाल डाय मारला, थांबलो, पुसला आणि मुरलेला रंग बाहेर ओढणारा पांढरा डेव्हलपर फवारला. पांढऱ्यावर आधी काहीच नाही. मग सीटच्या कोपऱ्यातून एक लाल रेघ हळूहळू उमटत वर चढली. वीतभर. तिला फुटलेला एक फाटा बाजूला. मामा वाकून बघत होते. “ही रेघ कसली?” म्हणाले, आणि माझ्या उत्तराआधीच त्यांना कळलं असावं, कारण ते सरळ उभे राहिले आणि टोपी काढून डोकं खाजवायला लागले. बिडाच्या प्लेटने जे सोसायचं, ते पिटमनने सोसलं होतं.

“वेल्ड मारू या,” मालक. एवढ्या जाडीच्या ओतकामाला, भट्टीत न घालता, उघड्यावर? मी नको म्हटलं, तेही लेखी. मशीन बंद करायला सांगितलं.

यानंतरचा वाद तीन तास चालला आणि त्यातला फार थोडा मशीनबद्दल होता. साइटचा माल अडणार, दंड लागणार, बँकेचा हप्ता. शेवटी चहा मागवून मालक शांतपणे म्हणाले, “रिपोर्टात कास्टिंग डिफेक्ट लिहा. वॉरंटी आहे. कंपनीला काय फरक पडतो?” त्यांची अडचण खोटी नव्हती. मी फोटो काढले होते ते दाखवले: घरी केलेली प्लेट, वाकलेला च्यूट, एका बाजूने झिजलेल्या जॉ प्लेटा, लाल रेघ. जे पाहिलं तेच लिहिलं. आमच्या वरिष्ठांनाही ते फारसं आवडलं नाही. मोठं गिऱ्हाईक होतं.

क्लेम नामंजूर झाला. मालकांनी चाकावरचा एक क्रशर भाड्याने आणून काम रेटलं, नवा पिटमन पैसे मोजून घेतला आणि पुढे वर्षभर मला फोन केला नाही. सर्व्हिस दुसऱ्याकडून करून घेत होते. नंतर एकदा कोनचं काम निघालं तेव्हा बोलावलं. च्यूट सरळ केलेला होता, माल मधोमध पडत होता. पोकलेनवाला शिफ्ट संपली की बकेटचे दात मोजून वहीत सही करत होता. टॉगल बिडाची होती, आणि एक जादा प्लेट मामांच्या शेडमध्ये ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून ठेवलेली. मामा म्हणाले, “आता मोडली तर दीड तासात बदलतो. मी घड्याळ लावून बघितलंय.”

मालक पैशांचा विषय मात्र अजून काढतात.